ट्रेलरवर लोखंड भरायचं आणि बांधायचं कसं: नव्या गाडीवाल्यांसाठी

उघड्या ट्रेलरवर पहिल्यांदा लोखंड नेणाऱ्याला यार्डात एकच सल्ला मिळतो: "चेन घट्ट मार." कुठली चेन, किती, कुठून कुठे, आणि ती मारायच्या आधी काय करायचं, हे कोणी सांगत नाही. ज्या उस्तादाच्या हाताखाली क्लीनर म्हणून राहिलो, तो करायचा तसं करायचं, एवढंच शिक्षण. उस्ताद चांगला असेल तर नशीब.

हा लेख कळंबोलीच्या लोखंड बाजारातून चाकणकडे कॉइल (पत्र्याची जड गुंडाळी) किंवा जालन्याच्या रोलिंग मिलमधून मुंबईकडे सळई नेणाऱ्यांसाठी आहे. सगळ्याच्या मुळाशी एक क्रम आहे: माल आधी अडवायचा, मग बांधायचा. तो उलटा झाला की कितीही चेन मारा, उपयोग नाही. का, ते पायरी ४ मध्ये आकड्यांनिशी येईल.

## जवळ काय काय हवं

कागद: आरसी, फिटनेस, परमिट, विमा, पीयूसी, ट्रान्सपोर्ट वाहनाचं लायसन्स, मालाचं टॅक्स इन्व्हॉइस, बिल्टी (ट्रान्सपोर्टरची मालाची पावती), काट्याची पावती आणि ई-वे बिल. ई-वे बिल ५० हजारांच्या वरच्या मालाला लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा एक लाख आहे. लोखंडाची पूर्ण गाडी या मर्यादेत बसण्याचा प्रश्नच नाही, त्यामुळे ते लागणारच.

सामान:
- ग्रेड ८० च्या चेन आणि त्या कसायचे बाइंडर किंवा टर्नबकल
- ५० मिलिमीटर रुंद रॅचेट बेल्ट
- लाकडी गुटके आणि पाचरी, खिळे, मोठा हातोडा
- जुन्या कन्व्हेअर बेल्टचे किंवा घर्षणाच्या रबर मॅटचे तुकडे
- कडांवर ठेवायचे कोपरे
- ताडपत्री, दोर, लाल कापड, चांगली बॅटरी
- हेल्मेट, हातमोजे, लोखंडी टोपीचे बूट

बेल्ट घेताना एक फसगत नेहमी होते. दुकानदार "पाच टनी" म्हणून जो विकतो, तो बहुतेक वेळा पाच टनांना *तुटणारा* बेल्ट असतो. त्याच्या लेबलवर एलसी म्हणून जो आकडा असतो तो सरळ ओढीत किती भार धरायचा ते सांगतो, आणि तो साधारण अडीच टन असतो. लेबल फाटलेला किंवा लेबलच नसलेला बेल्ट ताडपत्रीला वापरा, मालाला नको. चेनचंही तसंच. कडीवर ८ किंवा ८० चा छाप आणि टॅग नसेल तर ती कशाची बनली आहे हे कळायला मार्ग नाही. दहा मिलिमीटरच्या ग्रेड ८० चेनची कामाची मर्यादा ३.१५ टनांच्या आसपास असते.

## १. गाडी लावण्याआधी बोलून घ्या

भाडं ठरवताना चार गोष्टी फोनवरच विचारा आणि व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: माल नेमका काय, नग किती आणि एकेक नग किती टनांचा, भरण्या-उतरवण्याची हमाली आणि वाराई (माल चढवता-उतरवताना गाडीवाल्याकडून मागतात ते पैसे) कोण देणार, आणि गाडी अडकून पडली तर रोजचा आकार किती.

वाराईवरून दारात भांडण होतं आणि गाडी दिवसभर उभी राहते. तेव्हा ट्रान्सपोर्टर फोन उचलत नाही. त्यामुळे हे आधीच.

"नग किती टनांचा" हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. "वीस टन माल आहे" याचा अर्थ चार-चार टनांच्या पाच स्लिट (अरुंद कापलेल्या) कॉइल असा असू शकतो किंवा वीस टनांची एकच कॉइल असाही. दोन्हींची बांधणी वेगळी, सामान वेगळं, आणि दुसऱ्यासाठी तुमच्या बेडखाली क्रॉस मेंबर (आडव्या तुळया) धड आहेत का हेही बघावं लागतं.

## २. रिकामी गाडी काट्यावर, बेड झाडून

रिकाम्या गाडीचं वजन स्वतः करून पावती ठेवा. आरसीवरचं एकूण वजन वजा ही पावती, एवढाच माल तुमचा. ट्रेलरच्या जोडगाडीला जास्तीत जास्त ५५ टन एकूण वजनाची मर्यादा आहे, पण तुमची मर्यादा तुमच्या आरसीवर लिहिलेली तीच.

मर्यादा ओलांडली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे २० हजार दंड, शिवाय जास्तीच्या प्रत्येक टनाला दोन हजार. पाच टन जास्त म्हणजे ३० हजार, आणि वरचा माल उतरवण्याचा खर्च वेगळा. काट्यावर जायला नकार दिला तर ४० हजार. शेठ म्हणेल "मी बघतो", पण रस्त्यावर गाडीत तुम्ही असता.

बेड झाडून घ्या. वाळू, ग्रीस, ओला चिखल, आधीच्या फेरीतले खिळे, सगळं काढा. तेलकट बेडवर लोखंड साबणासारखं सरकतं.

## ३. वजन कुठे ठेवायचं

क्रेनवाला घाईत असतो. तो विचारेल, "कुठे सोडू?" याचं उत्तर तुमच्याकडे खडूने बेडवर काढून तयार पाहिजे.

माल फार मागे गेला तर घोड्याच्या (पुढच्या ओढणाऱ्या गाडीच्या) मागच्या चाकांवरचा दाब कमी होतो आणि घाटात चाकं जागच्या जागी फिरतात. फार पुढे गेला तर घोड्याच्या एक्सलवर मर्यादेबाहेर भार पडतो, एकूण वजन बरोबर असूनही. दोन जड कॉइल असतील तर एक पुढच्या भागात, एक ट्रेलरच्या एक्सलच्या थोडी पुढे. एकच मोठी कॉइल असेल तर ती बेडच्या ऐन मध्यावर थेट ठेवू नका. खाली लांब लाकडी किंवा लोखंडी तुळया टाकून भार पसरवा. डावी-उजवी बाजू तर समान हवीच. भरल्यावर मागून उभं राहून बघा, एका बाजूचे टायर जास्त दबलेले दिसले तर क्रेन जायच्या आत बोला.

क्रेन उचलत असताना बेडवर उभं राहायचं नाही. कॉइल हाताने फिरवायला जाऊ नका, तिला दोर बांधून लांबून फिरवा.

## ४. आधी अडवा

आता आकडे. बांधणीचा हिशेब करणारे असं धरतात की जोराचा ब्रेक लागला तर माल त्याच्या वजनाच्या ८० टक्के जोराने पुढे जाऊ पाहतो. वळणावर बाजूला आणि मागच्या दिशेने ५० टक्के धरतात.

समजा १० टनांचा माल लाकडी बेडवर आहे. ब्रेकला तो ८ टनांच्या जोराने पुढे ढकलला जाणार. लाकूड आणि लोखंड यांचं घर्षण साधारण ३० टक्के, म्हणजे ३ टन घर्षणच धरून ठेवेल. उरले ५ टन.

हे ५ टन वरून टाकलेल्या बेल्टने धरायचे ठरवू. रॅचेट हाताने कसला की बेल्टमध्ये साधारण ३०० किलोचा ताण येतो. दोन्ही बाजू मिळून माल ६०० किलोने खाली दाबला जातो. त्याचे ३० टक्के, म्हणजे एक बेल्ट फक्त १८० किलो धरतो. ५ टनांना २८ बेल्ट लागतील! दहा टनांच्या मालाला एवढे बेल्ट लावलेली गाडी तुम्ही कधी पाहिलीय? मी तरी नाही.

तोच माल रबर मॅटवर ठेवला की घर्षण ६० टक्क्यांच्या आसपास जातं. आता घर्षणच ६ टन धरतं, उरतात २ टन, आणि एक बेल्ट ३६० किलो धरतो. सहा बेल्टमध्ये काम होतं. आणि मालापुढे मजबूत आडकाठी असेल तर बेल्टवर येणारा बोजा आणखी उतरतो. हा हिशेब ढोबळ आहे, पण कन्व्हेअरच्या जुन्या पट्ट्याचे तुकडे गाडीत का ठेवायचे हे त्यातून कळतं. लोखंडी बेडवर थेट लोखंड ठेवलं तर घर्षण १० ते २० टक्क्यांवर येतं. तसं कधीच ठेवू नका.

मॅट लावताना नव्यांचं चुकतं ते असं: गुटक्याच्या खाली रबर घालतात आणि वर माल थेट लाकडावर ठेवतात. रबर दोन्हीकडे हवं, बेड आणि गुटका यांच्यामध्ये आणि गुटका आणि माल यांच्यामध्येही. नाहीतर जिथे रबर नाही तिथून माल सरकेल.

मग रिकामी जागा भरा. हेडबोर्ड (बेडच्या पुढची, केबिनमागची उभी भिंत) आणि माल यांत अंतर असेल तर लाकूड घालून ते संपवा. दोन नगांमध्ये पोकळी असेल तर तीही. माल अंतर कापून वेग घेतो आणि मग आदळतो. चिकटून असलेला माल फक्त रेटतो.

## ५. कॉइल असेल तर

पहिला प्रश्न: कॉइलचं भोक कुठे तोंड करून आहे?

भोक डावी-उजवीकडे: कॉइल पुढे-मागे लोळणार, म्हणजे ब्रेक लागला की केबिनकडे. भोक पुढे-मागे: ती बाजूला लोळणार, म्हणजे वळणावर शेजारच्या गाडीवर. भोक आकाशाकडे: लोळत नाही, पण घसरते, आणि उंच-बारीक असेल तर कलंडते.

लोळणाऱ्या कॉइलला पाळणा हवा. दोन जाड तुळया, आतून उतार दिलेल्या, आणि कॉइल त्या दोघींवर बसलेली. कॉइलचं पोट बेडला टेकता कामा नये, खाली बोटभर फट दिसली पाहिजे. पोट टेकलं तर वजन बेडवर जातं आणि तुळया नुसत्या शोभेला उरतात. दोन्ही तुळया एकमेकींपासून फाकू नयेत म्हणून आडव्या पट्ट्यांनी जोडा. नुसत्या दोन सुट्या पाचरी ठोकलेली मोठी कॉइल दिसली तर गाडी तिथून हलवू नका, मुकादम कितीही "भाऊ, काही होत नाही" म्हणाला तरी.

आता चेन. भोक डावी-उजवीकडे असेल तर एक चेन भोकातून काढून अशी बांधा की ती कॉइलला पुढे जाण्यापासून रोखेल, आणि दुसरी मागे जाण्यापासून. या दोन चेनचा वरून बघितल्यावर फुलीसारखा आकार करू नका. अमेरिकेच्या ट्रक नियमांत या रचनेसाठी ती फुली चक्क मना आहे. भोक पुढे-मागे असेल तर मात्र तिरप्या चेन हव्यातच, आणि शिवाय वरून आडवी एक.

चेन किती? अमेरिकेतला ठोकताळा मला सोपा वाटतो: सगळ्या बांधणीच्या कामाच्या मर्यादांची बेरीज मालाच्या वजनाच्या निम्मी तरी हवी. वीस टनांच्या कॉइलला १० टन. दहा मिलिमीटरच्या चार चेन म्हणजे १२.६ टन, म्हणून चार ही कमीत कमी संख्या. मी पाचवी लावतो.

कॉइलच्या कडेवर कोपरा ठेवल्याशिवाय चेन किंवा बेल्ट जाऊ देऊ नका. कड बेल्ट कापते, आणि चेन कॉइलचे बाहेरचे वेढे खराब करते. दुसऱ्या नुकसानीची वजावट तुमच्या भाड्यातून होते.

## ६. सळई असेल तर

सळईची लांबी १२ मीटर. चाळीस फुटी ट्रेलर म्हणजे १२.१९ मीटर. म्हणजे वीतभरसुद्धा जागा उरत नाही, आणि हेडबोर्डला जाड लाकूड लावलं की मागे टोकं बाहेर यायला लागतात. बाहेर आलेली सळई नको. सळई-गज मागे बाहेर काढून न्यायची जी सवलत होती ती २०१४ मध्ये काढून टाकली. लाल कापड बांधलं म्हणजे चालतं, हा समज अजून यार्डात आहे. आता मागे, पुढे, बाजूला किंवा उंचीला माल बाहेर असेल तर २० हजार दंड, आणि माल उतरवायचा खर्च तुमचा. दंडापेक्षा वाईट गोष्ट म्हणजे रात्री मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ती टोकं दिसत नाहीत. लाल कापड आणि बॅटरी सामानात आहेत ती गाडी वाटेत बंद पडली तर उपयोगी.

सळईचा खरा धोका पुढच्या बाजूला आहे. वरून बेल्ट मारला की बंडलच्या बाहेरच्या सळया दाबल्या जातात, आतल्या मोकळ्याच राहतात. ब्रेकला त्या भाल्यासारख्या पुढे येतात. त्यामुळे:

- हेडबोर्डच्या उंचीपेक्षा वर एकही बंडल नाही. त्याच्यावर गेलेल्या सळईला केबिनशिवाय अडवणारं काही नाही.
- सगळी पुढची टोकं एका रेषेत, उभ्या लावलेल्या जाड फळ्यांना टेकलेली.
- चेन नुसती वरून टाकू नका. आधी बंडलला पूर्ण वेढा घाला, मग बेडला बांधा. वेढा कसला की आतल्या सळया एकमेकींना घट्ट धरतात.
- पुढे पक्की अडवणूक असेल तर चाळीस फुटांना कमीत कमी चार ठिकाणी बांधणी, नसेल तर पाच. हा पुन्हा अमेरिकन ठोकताळा. आपल्याकडे रस्त्यावर वजन आणि बाहेर आलेला माल बघतात, बांधणी क्वचितच.
- दोन थरांमध्ये गुटके एकाच उभ्या रेषेत. वरचा गुटका खालच्यापासून सरकला तर सळई वाकते आणि बांधणी सैल पडते.

मिलमधली तारेची बांधणी ही क्रेनसाठी असते, प्रवासासाठी नाही. ती मोजू नका.

दहाचाकी गाडीवर सळई दुमडून भरतात. तेव्हा वळणाची बाजू केबिनकडे ठेवा, उघडी टोकं मागे.

वजनाचा संशय आला तर सोपा हिशेब आहे: व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे एका मीटरचं किलोतलं वजन. १२ एमएम सळईचं मीटरला ०.८९ किलो, अख्ख्या सळईचं साडेदहा किलोच्या थोडं वर. बंडलमधल्या सळया मोजल्या की चलनावरचा आकडा खरा की खोटा ते काटा येण्याआधीच कळतं.

## ७. कसताना

बाइंडरच्या दांड्यावर पाइप घालून जोर लावू नका. दांडा सुटला तर तुमचा जबडा मोडतो. कसताना आणि सोडताना चेनच्या रेषेत उभं राहू नका, बाजूला राहा.

बेल्ट आणि चेन एकाच नगावर मिसळू नका. बेल्ट ताणला जातो, चेन ताणली जात नाही, त्यामुळे सगळा भार चेनवरच येतो. वरून टाकलेला बेल्ट बेडकडे जाताना जितका उभा, तितका चांगला. बेडशी ३० अंशांवर आला तर खाली दाबण्याची ताकद निम्मी उरते. बुटका, रुंद माल वरून बांधायला म्हणूनच वाईट. हूक बेडच्या ठरलेल्या रिंगमध्ये अडकवा, फाळक्याच्या कडीत नाही.

गाठ मारलेली चेन किंवा गाठ मारलेला बेल्ट वापरायचा नाही.

## ८. ताडपत्री

ताडपत्री गंजापासून वाचवते, माल धरत नाही. सीआर (कोल्ड रोल्ड) कॉइलला पावसाळ्यात दुहेरी टाका. बांधणी पूर्ण तपासल्यावरच टाका, कारण एकदा झाकलं की वाटेत उघडून बघायचा कंटाळा येतो. कोपरा उचलून चेन दिसेल अशी एक जागा ठेवा.

## ९. रस्त्यावर

पहिल्या काही किलोमीटरमध्ये माल बसतो आणि बांधणी हमखास सैल पडते. कळंबोलीहून निघालात तर एक्स्प्रेसवेवर चढण्याआधीच उतरून एकदा कसा, आणि घाट लागण्याआधी अधिकृत थांब्यावर पुन्हा. एक्स्प्रेसवेच्या कडेला गाडी उभी करून चेन कसायला जाऊ नका. तिथे उभ्या ट्रकवर मागून आदळल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. त्यानंतर प्रत्येक चहाच्या थांब्याला गाडीभोवती एक फेरी: चेनला हाताने झटका, पाचरींवर नजर, टायरला हात.

चाकणला जाताना बोरघाट चढायचा आहे. सगळं लक्ष पुढच्या पाचरींवर असतं, पण चढावर माल मागे ओढतो, आणि जाममध्ये थांबून पुन्हा गाडी उचलताना झटका बसतो तो मागेच. मागची अडवणूक म्हणून पुढच्याइतकीच पक्की हवी. जालन्याहून मुंबईकडे उलट. समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे. त्यावरून आलात तरी इगतपुरीनंतर उतार आहे, आणि जुन्या रस्त्याने आलात तर कसारा घाट. ज्या गिअरमध्ये हा उतार चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा, इंजिन ब्रेक लावून. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे अजून आहेत. लोखंड भरलेल्या गाडीचे ब्रेक तापले की मग कुठलाच पर्याय राहत नाही.

ई-वे बिलाची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते. अंतर ४०० किलोमीटरपर्यंत असेल तर दोन दिवस मिळतात. गाडी बिघडली आणि मुदत संपत आली तर संपण्याच्या आठ तास आधीपासून नंतरच्या आठ तासांपर्यंत ती वाढवून घेता येते. वाटेत माल दुसऱ्या गाडीत टाकावा लागला तर ई-वे बिलाच्या भाग बमध्ये नवा गाडी नंबर टाकून मगच हला.

## १०. उतरवताना

चेन सोडण्याआधी गाडीभोवती फिरून बघा, माल कुठे रेललाय का. रेललेला असेल तर त्या बाजूला कोणी उभं राहणार नाही आणि क्रेनचा पट्टा मालाला लागल्याशिवाय चेन सुटणार नाही. सळईच्या वेढ्यात ताण साठलेला असतो, रॅचेट एक-एक दात सोडा. सगळ्या चेन एकदम काढू नका, जो नग उचलायचा तेवढ्याचीच. वरची कॉइल उचलल्यावर ट्रेलर हलका होऊन उसळतो, तेव्हा उरलेल्या नगांच्या पाचरी जागेवर आहेत का ते बघा.

मग पोच घ्या. बिल्टीवर सही, शिक्का, तारीख आणि पोहोचल्याची वेळ. "माल खराब" असा शेरा मारत असतील तर नेमकं काय खराब ते लिहायला लावा आणि फोटो काढा. गाडी दारात किती तास उभी होती तेही त्याच कागदावर येऊ द्या. पोचचा फोटो तिथूनच ट्रान्सपोर्टरला पाठवा आणि मूळ कागद सांभाळा, उरलेलं भाडं त्याच्यावर अडलेलं असतं.